फ्रेमबाहेर सरकवलेला फ्रिज

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत दोन खोल्यांचं घर. वर स्लॅब, खिडकीत कूलर, आतल्या खोलीच्या दारालगत लाल रंगाचा एका दाराचा फ्रिज. काही वर्षांपूर्वी या घरातला बारा वर्षांचा मुलगा गाण्याच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी निवडला गेला. तो माझ्या उन्हाळी नाट्यशिबिरात यायचा. त्यामुळे मुंबईहून चित्रीकरणाला मंडळी आली त्या दिवशी त्याच्या आईनं मलाही बोलावून घेतलं. तिनं सकाळीच फ्रिज ओल्या फडक्यानं पुसला होता आणि त्यावर स्वतः विणलेलं नवं कव्हर घातलं होतं. हप्त्यावर घेतलेला फ्रिज होता तो. शेवटचा हप्ता नुकताच फिटला होता.

मुलगा पेटी घेऊन बसला, लाइट लागले, आणि कॅमेऱ्यामागून एक तरुण अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, हा फ्रिज थोडा बाजूला घेता येईल का?" चौघांनी उचलून तो शेजारच्या घरात नेला. कूलरवर जुनी चादर टाकली. एरवी ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या त्या माउलीला खाली फरशीवर बसवून भाजी निवडायला सांगितलं. ती बसली. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, आमचा फ्रिज यायले खराब दिसला काय?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. त्या तरुणावर राग काढून भागण्यासारखंही नव्हतं, कारण चहा पिताना तोच सांगत होता, "वरून सांगितलंय ताई. घरात वस्तू दिसल्या की जर्नी वाटत नाही." तो स्वतः मराठवाड्यातल्या एका छोट्या गावचा, मुंबईत तिघांबरोबर खोली घेऊन राहणारा. फ्रिज हलवायचं त्याच्या मनातून आलेलं नव्हतं. टीव्ही कुणासाठी बनतो, कोण बनवतं आणि त्यात कुणाचं घर कसं दिसतं, याची एक लांब साखळी आहे. ती सोपी करून सांगावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी 'वर्ग' या शब्दाबद्दल थोडं. वर्ग म्हणजे फक्त महिन्याची कमाई नव्हे. सारखाच पगार असलेली दोन मुलं घ्या. एकाचं घर नागपूरच्या सुखवस्तू धरमपेठेत, वडिलांची पेन्शन, मामा मुंबईत. दुसऱ्याच्या घरी तो पहिलाच पगारदार, आणि त्याच्या पगारावर सहा जणं. दोघांच्या खात्यात रक्कम तीच येते, पण एकाला सहा महिने नोकरी नसली तरी चालतं आणि दुसऱ्याला सहा दिवसही चालत नाही. शिवाय कुणाशी कसं बोलायचं, हॉटेलात काय मागवायचं, कुठल्या उच्चाराला लोक हसतात, हे सगळं एकाला घरातच मिळालेलं असतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. आपल्याकडे यात जात मिसळलेली आहे. जात आणि वर्ग एकच नव्हेत, पण नागपुरात कुणी पत्ता विचारला की त्यातून दोन्ही ऐकलं जातं, हे इथं राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आता टीव्हीकडे येऊ. मालिका विकत कोण घेतं? आपण भरतो ते पॅकचे पैसे असतातच, पण वाहिनीची मोठी भिस्त जाहिरातींवर असते. जाहिरातदाराला हवे असतात ते त्याचा साबण, त्याची गाडी, त्याचा एसी घेऊ शकणारे डोळे. ते मोजण्यासाठी टीआरपी. २०१५ पासून हे मोजमाप बार्क नावाची संस्था करते. निवडक घरांतल्या टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. घरातल्या प्रत्येकाला त्याच्या रिमोटवर एकेक बटण दिलेलं असतं आणि टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं असतं. २०२० च्या सुमारास अशी घरं होती सुमारे ४४ हजार, आणि देशात टीव्ही असलेली घरं साधारण २१ कोटी. म्हणजे एक घर जवळपास पावणेपाच हजार घरांच्या वतीनं बोलतं. नमुना नीट निवडला तर एवढ्यावरही अंदाज बांधता येतो, त्यात काही चूक नाही. खरा प्रश्न पुढे आहे: या घरांची वर्गवारी कशी होते?

२०११ पासून त्यासाठी एक पद्धत वापरात आली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एनसीसीएस म्हणतात. तिच्यात दोनच गोष्टी बघतात. घरातला मुख्य कमावता किती शिकला आहे, आणि ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत. त्या अकरा गोष्टी अशा: वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. यावरून घराला ए-१ पासून ई-३ पर्यंत बारांपैकी एक पायरी मिळते.

त्या मुलाच्या घरी बसल्या बसल्या मी ही यादी मनात लावून पाहिली. वीज आहे. पंखा आहे. गॅस आहे. बापाची सेकंडहँड मोटरसायकल आहे. टीव्ही आहे. पाच झाल्या. सहावा फ्रिज. त्या एका फ्रिजनं ते घर एखादी पायरी वर चढू शकतं. कूलर मात्र या यादीत नाही. ज्या शहरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, जिथे एप्रिल लागला की घरोघरी खसच्या ताट्या बदलल्या जातात, तिथे कूलर असणं आणि नसणं म्हणजे रात्री लेकरू झोपणं आणि न झोपणं. पण यादी करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर हे शहर नसावं. (अलीकडे वस्तूंपेक्षा घरातल्यांच्या शिक्षणाला आणि कामाला महत्त्व देणारी नवी वर्गवारीही मांडली गेली आहे. तिचं मला स्वागतच वाटतं.)

म्हणजे बघा, मोजणाऱ्याच्या यादीत तो फ्रिज त्या घराची किंमत वाढवतो, आणि कॅमेऱ्यासमोर तोच फ्रिज आडवा येतो. बाजाराला हे कुटुंब गिऱ्हाईक म्हणून थोडं वरचं हवं आहे. गोष्टीला मात्र ते अगदी तळातलं हवं आहे, म्हणजे मुलगा स्टेजवर आला की प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यावं. या दोन्हींच्या मध्ये असलेलं खरं घर, हप्ते फेडून एकेक वस्तू उभी करणारं, त्याला पडद्यावर जागा उरत नाही. देशातली कोट्यवधी घरं नेमकी या मधल्या पट्ट्यात आहेत.

वर्गाचा आणखी एक पडदा छतावर दिसतो. आमच्या शहरातल्या वस्त्यांमधून फिरताना पत्र्यांवर, स्लॅबवर दूरदर्शनच्या फ्री डिशच्या छत्र्या दिसतात. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. एकदाच छत्री आणि बॉक्सचे पैसे द्यायचे, पुढे महिन्याचा खर्च नाही. २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर आले तेव्हा नुसत्या पहिल्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीसाठीच करासकट महिन्याला सुमारे १५३ रुपये लागू लागले, पैसे लागणाऱ्या वाहिन्या त्याहून वेगळ्या. रोजंदारीच्या घरात दर महिन्याला हा हिशेब होतो. आणि याच २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी फ्री डिशवर फुकट दिसणाऱ्या आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या काढून घेतल्या. २०२० मध्ये त्या परत आल्या, कारण फ्री डिशवरचा प्रेक्षक सोडणं परवडलं नाही. हा प्रेक्षक किती मोठा आहे, हे तोवर सगळ्यांना दिसलेलं होतं. बार्कच्या आधी मोजणी शहरांपुरती होती. खेडी त्यात जवळजवळ धरलीच जात नसत. २०१५ च्या ऑक्टोबरात ग्रामीण आकडे पहिल्यांदा आले आणि जुन्या मालिका फुकट दाखवणाऱ्या वाहिन्या एकदम यादीच्या वरच्या भागात दिसू लागल्या. खेड्यातली माणसं त्याआधीही टीव्ही बघतच होती. त्यांना मोजणारं कुणी नव्हतं.

त्या मुलाचा भाग लागला त्या रात्री त्याच्या घरी ती वाहिनी दिसत नव्हती, कारण घरावर फ्री डिश. सगळे शेजाऱ्यांकडे गेले, ज्यांच्याकडे दिवसभर फ्रिज ठेवला होता तिथेच. पंधरा-वीस माणसं, पोरं दारात उभी. पडद्यावर त्यांची खोली आली तेव्हा क्षणभर कुणी ओळखलीच नाही.

मालिकांमधली घरं एवढी मोठी का, हा प्रश्न मला शिबिरात मुलं हमखास विचारतात. श्रीमंती दाखवायची हौस, हे उत्तर अर्धंच आहे. १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' आली, ती एका कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबाची गोष्ट होती. १९८६ च्या 'नुक्कड'मध्ये तर कोपऱ्यावर जमणारी कष्टकरी माणसंच नायक होती. तेव्हाही जाहिरातदार होते, 'हम लोग'ला मॅगी नूडल्सचं प्रायोजकत्व होतं. पण वाहिनी एकच होती आणि मालिका आठवड्यातून एक-दोनदा लागायची. आज रोजची मालिका आठवड्याला सहा भाग मागते. एका भागात गोष्ट साधारण बावीस मिनिटांची. बारा तासांच्या एका शिफ्टमध्ये जवळपास एवढा ऐवज हातात यावा लागतो, नाहीतर टेलिकास्ट अंगावर येतं.

आता दहा बाय दहाच्या खोलीत हे करून बघा. दोन-तीन कॅमेरे, त्यांच्या ट्रॉल्या, लाइट, साउंडवाला, कलाकार पाच. जागाच होत नाही. म्हणून मोठा हॉल लागतो, समोरची भिंत नसलेला, मधोमध जिना असलेला. जिन्यावरून माणूस उतरला की शॉट आपोआप होतो. लाइट एकदा लावले की महिनोन्‌महिने हलवायचे नाहीत. आणि सगळे एकाच हॉलमध्ये भेटायचे म्हणजे कुटुंब एकत्र हवं, मोठं हवं, आणि कुणीही आठ तासांच्या कामावर गेलेलं नको. कामाला जाणारा माणूस हॉलमध्ये सापडत नाही. मालिकेतल्या माणसांना कामाची जागा क्वचितच का असते, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. चित्रीकरणाचा खर्च वाचवता वाचवता गोष्टीतून गरीब घर बाहेर पडतं. मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही. पण परिणाम तोच होतो, आणि तो वीस-पंचवीस वर्षं रोज रात्री घराघरात दिसला की हेच 'साधं घर' असं वाटू लागतं.

त्या हॉलमध्ये कष्टकरी माणूस येतोच. पण तो येतो चहाचा ट्रे घेऊन. पुढच्या मालिकेत लक्ष ठेवा: घरकाम करणाऱ्या बाईला आडनाव आहे का? तिचं घर एकदा तरी दिसतं का? तिच्या साडीचा पदर ओला आहे का? माझ्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचा पदर सकाळी अकरापर्यंत कमरेपासून ओलाच असतो, चार घरची भांडी झालेली असतात. मालिकेतल्या बाईची साडी कडक इस्त्रीची असते. वेशभूषावाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लिहिणाऱ्यानं आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईकडे कधी नीट पाहिलंच नसेल, तर पानावर ओला पदर कुठून येणार?

भाषेचं तसंच. आपली वऱ्हाडी-नागपुरी बोली पडद्यावर आली की ती बहुधा हसवायला येते. 'काऊन', 'करून राहिलो', 'बाप्पा' हे शब्द आले की समजायचं, हा भोळा, हा अडाणी, हा गावचा. या बाबतीत एक मोठा अपवाद आठवतो आणि त्याबद्दल मला आदरानंच बोलायचं आहे. २०१६ ते २०२१ या काळात झी मराठीवर चाललेल्या 'माझ्या नवऱ्याची बायको'ची नायिका राधिका नागपूरची होती, नागपुरी बोलायची, आणि अनिता दाते यांनी ती जीव ओतून उभी केली. साडेचार वर्षं रोज रात्री महाराष्ट्रानं ही बोली नायिकेच्या तोंडून ऐकली. माझ्या शिबिरातल्या मुलींनी त्यानंतर 'ताई, असं बोललं तं चालते का?' असं विचारणं कमी केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तरीही गोष्टीची बांधणी बघा. शहरी नवऱ्याला बायको गावंढळ वाटते, तो दुसरीकडे वळतो. राधिकेला मान मिळतो तो ती मसाल्यांचा मोठा व्यवसाय उभा करते तेव्हा. म्हणजे बोलीला इज्जत मिळाली, पण मालकीण झाल्यावर. जी नागपुरी बोलते आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या कारखान्यात मसाला पॅक करते, तिच्यासाठी गोष्ट अजून लिहायची आहे.

ती कोण लिहील? इथे मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे, कारण मूळ इथं आहे.

मराठी मालिकांचं केंद्र मुंबई आणि तिच्या आजूबाजूला आहे. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ पासून आहे. पुढे काम मढ, ठाणे, मीरा रोड, नायगावकडे पसरलं. कोल्हापूर, सातारा, नाशिक इथेही चित्रीकरणं होतात. नागपूरला आकाशवाणी १९४८ पासून आहे, दूरदर्शनचं केंद्र आहे, राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी ताकदीची नाटकं होतात. पण रोजच्या मालिकेत काम करायचं तर विदर्भ एक्सप्रेस धरावी लागते. आठशेहून जास्त किलोमीटर. ऑडिशन दहा मिनिटांचं असतं आणि तेही 'उद्या दुपारी येऊ शकाल का?' असं विचारून ठरतं. मुंबईत राहणारा येऊ शकतो.

आणि काम मिळालं तरी? या धंद्यात एक शब्द सगळ्यांना पाठ आहे: नव्वद दिवस. मालिकेत काम केल्याचे पैसे तीन महिन्यांनी देण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. कलाकारांच्या आणि कामगारांच्या संघटना त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा बोलल्या आहेत.

माझ्या शिबिरात आठ वर्षं येणारी एक मुलगी होती. वडील ऑटो चालवायचे. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं आपल्याशीच बोलते आहे. तिला एका मालिकेत नायिकेच्या मैत्रिणीचं काम मिळालं. पहिल्या महिन्यात आठ दिवसांचं काम, पुढच्या महिन्यात सहा. चार मुलींनी मिळून नायगावला खोली घेतली. डिपॉझिटसाठी वडिलांनी उसने आणले. लोकलचा पास, जेवण, ऑडिशनला घालायला दोन बरे कपडे. सेटवर मैत्रीण म्हणून एक तिच्याच वयाची मुलगी होती, तीही मन लावून काम करणारी, चांगली. फरक एवढाच की तिचं घर विलेपार्ल्यात होतं. तिच्यासाठी नव्वद दिवस म्हणजे बँकेत उशिरा येणारी रक्कम होती. आमच्या मुलीसाठी नव्वद दिवस म्हणजे तीन भाडी.

ती तिसऱ्या महिन्यात परत आली. घरी सांगितलं, तब्येत बरी नव्हती. पैसे तिच्या खात्यात आले ते ती नागपूरला परतल्यावर चौथ्या महिन्यात, काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचा हिस्सा आणि कर वजा होऊन. तिच्याकडे गुण कमी नव्हते. तिच्याकडे वाट पाहायची ऐपत नव्हती.

वर्गाची विषमता टीव्हीत कशी शिरते ते मला या एका मुलीत पूर्ण दिसतं. कुणी दारावर 'गरिबांना प्रवेश नाही' अशी पाटी लावत नाही. फक्त पैसे उशिरा द्यायचे, बोलावणं एक दिवस आधी द्यायचं, पहिली दोन वर्षं 'शिकायला मिळतंय ना' म्हणत जवळजवळ फुकट राबवायचं. एवढं केलं की चाळणी आपोआप लागते. जे टिकतात ते पुढे लेखक होतात, दिग्दर्शक होतात, वाहिनीत बसून 'घरात वस्तू दिसल्या की जर्नी वाटत नाही' असं ठरवतात. त्यांतले पुष्कळजण मनानं चांगले आहेत. पण हप्त्यानं फ्रिज घेणं म्हणजे काय, हे त्यांच्या अंगावरून गेलेलं नसतं.

पाट्या कधीच नव्हत्या असंही नाही. मुंबईतल्या मेकअप आणि हेअर कलाकारांच्या संघटनेनं बायकांना मेकअप आर्टिस्ट म्हणून सभासदत्व नाकारलं होतं. त्यांनी फक्त केस करायचे. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अट होती. सभासदत्वाचं कार्ड नाही तर सेटवर काम नाही. चारू खुराना यांनी लढा दिला आणि २०१४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं हे नियम रद्द केले. म्हणजे लिहिलेला नियम कोर्टात जाऊन मोडता येतो. न लिहिलेले नव्वद दिवस मोडणं जास्त अवघड आहे. कायद्याचीही चाल मंद. १९८१ चा सिने कामगारांचा कायदा कथापटांपुरता होता, मालिकांवर राबणारा लाइटमन त्यात बसत नव्हता. २०२० च्या कामगार संहितेत 'दृक्‌श्राव्य कामगार' असा शब्द आला आणि मालिकांची माणसं निदान व्याख्येत तरी आली.

बातम्यांच्या वाहिन्यांबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. २००६ मध्ये दिल्लीतल्या राष्ट्रीय माध्यमांतल्या ३१५ वरिष्ठ पदांची पाहणी झाली, त्यांत एकही दलित किंवा आदिवासी सापडला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीच्या पाहणीत वृत्तपत्रं, वाहिन्या वगैरे मिळून १२१ नेतृत्वाच्या जागा तपासल्या. १०६ उच्चजातीय, आणि अनुसूचित जाती-जमातींतून शून्य. ज्या शहरात १९५६ च्या १४ ऑक्टोबरला लाखो माणसांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर आयुष्याला नवं वळण दिलं, त्या शहरातून हे आकडे वाचताना हात थांबतो. दीक्षाभूमीवर दरवर्षी येणारी गर्दी वाहिन्यांना ड्रोनमधून दाखवायला आवडते. त्या गर्दीतलं कुणी संपादकाच्या खुर्चीत असतं, तर कॅमेरा कदाचित खाली उतरला असता.

ही अडचण एकट्या आपली नाही. ब्रिटनमध्ये यावर उघड चर्चा चालू आहे. २०२४ मध्ये एडिनबरोच्या टीव्ही महोत्सवातल्या मुख्य भाषणात नाटककार जेम्स ग्रॅहम यांनी सांगितलं की तिथल्या टीव्हीत काम करणाऱ्यांपैकी कष्टकरी घरांतून आलेले अवघे ८ टक्के आहेत. बीबीसीनं २०२७ पर्यंत आपल्या कर्मचाऱ्यांत अशा घरांतून आलेले २५ टक्के असावेत असं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते मोजतात कसं, हे मला फार शिकण्यासारखं वाटलं. आत्ताचा पगार विचारत नाहीत. प्रश्न विचारतात: तुम्ही चौदा वर्षांचे असताना घरातला मुख्य कमावता काय काम करायचा? सोपा प्रश्न आहे. आज तुम्ही कुठं आहात ते बाजूला राहतं आणि तुम्ही कुठून निघालात ते दिसतं.

हा प्रश्न वाचल्यावर मी तो माझ्या शिबिराच्या फॉर्मवर टाकला. फॉर्म परत आले तेव्हा कळलं की बहुतेक घरं शिक्षकांची, बँकेतली, सरकारी नोकरीतली. शिबिर मध्यमवर्गीय लक्ष्मीनगरला, फी एकदम भरायची, वेळ सकाळी दहाची. म्हणजे ज्या चाळणीबद्दल मी एवढं लिहिते आहे ती माझ्याही दारात लागलेली होती आणि मी ती इतकी वर्षं पाहिली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात एक तुकडी उत्तर नागपुरातल्या समाजमंदिरात, संध्याकाळी सहाला सुरू केली. फी आठवड्याच्या आठवड्याला, आणि नाही जमली तर नाही. पहिल्या दिवशी माझ्या अंदाजाच्या दुप्पट मुलं आली. चार जण धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन.

रामटेकजवळ चित्रनगरी उभारायची घोषणा झालेली आहे. ती व्हावी, लवकर व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण नुसते स्टुडिओ आले तर मुंबईहून युनिट येईल, नागपूरची पोरं गर्दीत उभी राहतील आणि संध्याकाळी परत जातील. तिथे काम करणाऱ्याला पैसे सात दिवसांत मिळणार का? बाहेरगावच्या मुलींना राहायला स्वस्त वसतिगृह असणार का? लिहिणारे इथले असणार की फक्त हलबी-गोंडी-वऱ्हाडी बोलून दाखवणारे इथले? या प्रश्नांची उत्तरं करारात, आकड्यांसकट आणि पायाभरणीच्या आधी आली पाहिजेत.

आपल्या पूर्व विदर्भाकडे दुसरा एक नमुना फार जुना आहे. दिवाळी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. वडसा हे त्याचं ठाणं. रात्रभर चालणारा प्रयोग, समोर शेतावरून आलेली हजारो माणसं, आणि स्टेजवरची बोली तीच जी खाली बसलेल्यांची. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीतही कमी-जास्त आहेच. पोस्टरवर मुंबईच्या कलाकाराचं नाव मोठं असतं आणि मानधनही त्याचंच मोठं. पण पैसा तिकिटातून येतो, त्याच गावातून, त्याच रात्री.

नायगावहून परतलेली ती मुलगी गेली तीन वर्षं वडसाच्या एका कंपनीत आहे. परवा दिवाळीनंतर निघायच्या आधी भेटायला आली होती. यंदा ती आईचं काम करते आहे, धान कापणाऱ्या बाईचं. संवाद बसवताना लेखकानं तिलाच विचारलं म्हणे, की ही बाई रागावली तर काय बोलेल. "तं मी सांगतलं ताई, थे बोलणारच नाही. विळा खाली ठेवून देईन अन् पाणी प्यायले जाईन." लेखकानं तिथला संवाद काढून टाकला.

मी तिला पैशांचं विचारलं. तिनं पर्सची चेन उघडून दाखवली. एका छोट्या वहीत प्रत्येक नाईटची तारीख, गावाचं नाव आणि पुढे रक्कम. प्रत्येक रकमेसमोर तिनं बरोबरची खूण केली होती. "गाडीत बसायच्या आधी हातात देतात," ती म्हणाली.